खर्च झाला, पण गुंतवणूक किती? भोसरीच्या एका वर्कशॉपचा हिशेब

शेअर, एफडी, म्युच्युअल फंड आधी बाजूला ठेवा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्याला गुंतवणूक म्हणत नाहीत. पैशाने खिसा बदलला, एवढंच. तिथे मोजतात ती स्थूल भांडवलनिर्मिती: स्थिर भांडवल (यंत्रं, इमारती अशा वर्षानुवर्षं वापरायच्या गोष्टी), साठ्यातला बदल आणि सोन्यासारख्या मौल्यवान वस्तू. तिसरा भाग पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या सराफांकडे सोडू, पहिले दोन इथे मोजू.

भोसरीतलं एक काल्पनिक वर्कशॉप घ्या. काळ १ एप्रिल ते ३१ मार्च. खरेदीची बिलं काढा.

नवं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन असेल तर किंमतीत वाहतूक, क्रेनचं भाडं, फाउंडेशन आणि बसवणी मिळवा. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं, म्हणजे तो कर परत वळता झाला असेल तर तेवढी रक्कम वगळा. घसारा, म्हणजे यंत्राची झीज, मात्र कापायचा नाही, ‘स्थूल’ म्हणतात ते त्यासाठीच. शेजारच्या गाळ्यातून जुना लेथ घेतला, तर तुमच्याकडे अधिक आणि विकणाऱ्याकडे उणे. देशाच्या बेरजेत उरते दलाली आणि वाहतूक. जागा घेतली? जमिनीची किंमत शून्य धरा, कारण ती कुणी या वर्षी तयार केलेली नाही. पण त्या व्यवहाराचं मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकिलाची फी स्थिर भांडवलात जाते. तेल, बेल्ट, किरकोळ दुरुस्ती हा चालू खर्च. आयुष्य वाढवणारं मोठं ओव्हरहॉल भांडवलात.

आता गोडाऊन. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. समजा, सुरुवातीला २० टन स्टील होतं, भाव किलोला ६० रुपये, म्हणजे १२ लाख. अखेरीस २५ टन, भाव ७०, म्हणजे साडेसतरा लाख. वहीत साठा साडेपाच लाखांनी वाढलेला दिसतो. तो आकडा तसाच उचलू नका. वाढलेले किलो ५,०००, वर्षाचा सरासरी भाव ६५ धरला तर बदल ३.२५ लाख. उरलेले २.२५ लाख भाववाढीचे. त्यातून एक किलोही स्टील जास्त आलेलं नाही. कच्चा माल, मशीनवरचा अर्धवट माल आणि तयार माल यांचं हेच गणित वेगवेगळं करा, कारण तिघांचे भाव एका चालीने हलत नाहीत. उत्तर उणे आलं तर उणेच लिहा. दिवाळीत माल उपसला गेला की त्या तिमाहीत असं होऊ शकतं.

वस्तू कोणत्या रकान्यात टाकायची, हे ती कोणाकडे गेली त्यावर ठरतं. चाकणला तयार झालेली गाडी ३१ मार्चला यार्डात उभी असेल तर ती साठा. तीच गाडी टॅक्सी कंपनीने घेतली की स्थिर भांडवल, घरच्या वापरासाठी कुणी घेतली की उपभोग. घराचं मात्र उलटं: कुटुंबाने राहायला घेतलेला नवा फ्लॅटही भांडवलनिर्मितीतच धरतात.

मशीन जर्मनीहून आलं असेल तर भांडवलनिर्मितीत पूर्ण किंमत धरा. जीडीपी काढताना ती आयातीच्या ओळीत वजा होते. इथेच कापलीत तर दोनदा कापली जाईल.