‘ओरिजिनलच भारी’ म्हणायच्या आधी: एकाच गाण्याची दोन-तीन व्हर्जन्स कशी लावून बघायची

आमच्याकडे दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर एक भांडण ठरलेलं असतं. मावसभाऊ म्हणतो ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे गाणं गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचंच, ते लिहिणाऱ्या बॉब डिलनचं म्हणजे नुसता आराखडा, मी म्हणतो अरे आराखडाच नसता तर याने बांधलं काय असतं, मग कोणीतरी मोबाईल स्पीकरला जोडतं, दोन्ही अर्धी अर्धी वाजतात आणि प्रत्येकजण आपलं आधीचंच मत परत देऊन मोकळा होतो. बरीच वर्षं असं झाल्यावर लक्षात आलं की या सगळ्यात ऐकत कोणीच नव्हतं. मग मी स्वतःपुरती थोडी पद्धत बसवली, ती इथे लिहितोय. संगीताचं शिक्षण लागत नाही, एक वही, बरे हेडफोन आणि घरात कोणी हाक मारणार नाही असा तासभर, बास.

पहिली गोष्ट म्हणजे रॉक आणि जॅझ एकाच फूटपट्टीने मोजू नका, सगळा घोळ तिथेच होतो. रॉकमध्ये गाणं म्हणजे जवळजवळ ती रेकॉर्डच असते, तो गिटारचा आवाज, तो ड्रमचा ठोका, तो गळा, सगळं धरून गाणं, त्यामुळे कव्हर करणारा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने परत करणारा, त्या रेकॉर्डशी सामना करत असतो. जॅझमध्ये तसं नाही, तिथे चाल आणि कॉर्ड्स (चालीखाली एकत्र वाजणारे सूर) एवढीच पुंजी, त्याला ते स्टँडर्ड म्हणतात, आणि ‘याचं ओरिजिनल कोणतं’ असं विचारलंत तर समोरचा तुमच्याकडे बघत बसेल. आपण एखाद्या बंदिशीचं ओरिजिनल शोधतो का? नाही ना. म्हणून रॉकमध्ये आधी पहिली रेकॉर्ड ऐकायची, आणि जॅझमध्ये आधी सगळ्यात साधं, सरळ गायलेलं व्हर्जन शोधून चाल पाठ करायची. बाकी सगळं यावरून.

आता तयारी. आवाज सारखा करून घ्या, हे कंटाळवाणं वाटेल पण सोडू नका, कारण जे व्हर्जन जरा मोठ्याने वाजतं तेच कानाला भारी वाटतं आणि आपल्याला वाटतं गायक भारी आहे. ॲपमध्ये आवाज एका पातळीवर आणायची सोय असते ती चालू करा, नाहीतर हाताने करा. मग रेकॉर्डिंग नक्की कोणतं ते तपासा. मी एकदा एका जुन्या गायकाच्या ‘ओरिजिनल’वर अर्धा तास तावातावाने बोललो होतो, ड्रम कसे वेळेआधीचे वाटतात वगैरे, आणि नंतर कळलं की ॲपवर वाजत होतं ते त्याने म्हातारपणी परत रेकॉर्ड केलेलं. आल्बमचं नाव आणि साल बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. लाइव्हला लाइव्ह, स्टुडिओला स्टुडिओ.

आणि पट्टीबद्दल बोलणार असाल तर अजून एक गंमत. द डोअर्स या रॉक बँडचा पहिला आल्बम कित्येक वर्षं जरा संथ स्पीडने विकला जात होता, त्यामुळे ‘लाइट माय फायर’ खरं वाजलं त्यापेक्षा थोडं खाली ऐकू यायचं, ते चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत दुरुस्त झालं. उलट जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या (१९५९) पहिल्या बाजूची तिन्ही गाणी टेप मशीनच्या गडबडीमुळे किंचित चढी होती, ती १९९० च्या दशकात सुधारली. म्हणजे ‘याने अर्धा सूर खाली घेतलंय’ असं ठासून सांगायच्या आधी बघा की खाली गायकाने घेतलंय की मशीनने.

चला, मूळ भांडणाकडे. डिलनचं वॉचटॉवर १९६७ चं, नॅशव्हिलला रेकॉर्ड केलेलं, अडीच मिनिटं. एक अकूस्टिक गिटार, माउथ ऑर्गन, बेस, ड्रम, माणसं फक्त तीन. हेंड्रिक्सचं १९६८ चं, चार मिनिटं. पहिल्यांदा ऐकताना काहीच ठरवू नका, नुसतं ऐका. दुसऱ्यांदा वहीत चौकोन काढा, एक कडवं एक चौकोन, मधे वाद्य वाजलं की रेघ. दोन्हीकडे कडवी तीनच निघतील, शब्दही जवळपास तेच, तीन कॉर्ड्स गोल गोल फिरतात त्याही तशाच. मग वरचं दीड मिनिट गेलं कुठे? तुमच्या वहीत ते रेघेच्या जागी सापडेल. डिलन कडव्यांच्या मधे माउथ ऑर्गनची एक फुंकर मारतो आणि पुढे जातो, हेंड्रिक्स तीच जागा फाडून मोठी करतो. दुसऱ्या कडव्यानंतर, साधारण पावणेदोन मिनिटांच्या पुढे कान लावा, तिथे सोलो (एकट्या गिटारने वाजवलेला भाग) सलग नाहीये, त्याचे चार तुकडे आहेत. आधी सरळ लीड, मग स्लाइड (ते त्याने सिगारेट लायटर तारांवर घासून वाजवलंय), मग वा-वा पेडलवर बोलल्यासारखी गिटार, आणि शेवटी नुसत्या कॉर्ड्सचे झटके, आणि त्यातूनच तिसरं कडवं उचललंय. प्रत्येक तुकड्याला वेगळा आवाज, जणू चार वेगळी माणसं येऊन गेली. आता लगेच परत डिलन लावा, सुनं सुनं वाटेल, पण त्या सुनेपणातच शेवटच्या ओळीतला वारा आणि ते दोन घोडेस्वार जास्त भीतीदायक वाटतात, कारण गोष्ट जिथे सुरू व्हायला हवी तिथे गाणं संपतंय. हेंड्रिक्सकडे वारा गिटारच घालते, तुम्हाला कल्पना करायला काही शिल्लक ठेवत नाही. हे वाईट म्हणत नाहीये मी, पण फरक हा आहे.

घरी पेटी असेल तर अजून मजा. डिलनचं काळी एकमध्ये लागतं आणि हेंड्रिक्सचं पांढरी एकमध्ये, कारण त्याने गिटार अर्धा सूर उतरवून लावली होती. तारा सैल झाल्या की त्या जास्त वाकवता येतात, त्यामुळे जो काही लवचिक आवाज येतो त्यात याचाही हात आहे. आणि हेंड्रिक्सच्या सुरुवातीला जो टर्रर्र आवाज येतो तो वायब्रास्लॅप नावाच्या वाद्याचा, मी बरीच वर्षं रेकॉर्डवरचा चरा समजत होतो.

तिसऱ्यांदा ऐकताना एकच गोष्ट धरायची. फक्त बेस किंवा फक्त ताल. ताल आपल्याला सोपा जातो, हात मांडीवर असतोच. बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ (१९६७) लावा आणि चार-चार मोजा, आरामात केरवा बसतो, रिंगो मजेत चालत चालत गातोय. आता जो कॉकरचं १९६८ चं लावा आणि तसंच मोजायला जा, दोन ओळीत फसाल, कारण ते संथ दादऱ्यात नेऊन ठेवलंय, धा धी ना धा ती ना करून बघा, लगेच बसेल. एवढ्या एका बदलाने दोस्तांची गंमत एकदम विनवणी होऊन बसते, शब्द तेच असून. सहा मात्रांत झोका येतो आणि झोक्यात माणसाला ओरडायला, थांबायला, श्वास घ्यायला जागा मिळते, कॉकर ती सगळी वापरतो. मला विचाराल तर कव्हर म्हणजे काय हे कुणाला एकाच उदाहरणात दाखवायचं असेल तर हेच.

आता सगळ्यात उपयोगी प्रश्न, जो बहुतेक जण विचारत नाहीत: याने काढलं काय? घातलेलं लगेच ऐकू येतं, काढलेलं शोधावं लागतं. ‘लाइट माय फायर’ घ्या. डोअर्सचं आल्बमवरचं सात मिनिटांचं, १९६७. कडवी दोन्ही टोकांना, मधे आधी ऑर्गन, मग गिटार, दोन कॉर्ड्सवर झुलत झुलत लांबच लांब. सिंगल म्हणून काढताना हा मधला भाग कापला आणि त्यावर ते अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. मग १९६८ मध्ये होसे फेलिसियानो आला, नायलॉनच्या तारांची गिटार, संथ, थोडं लॅटिन अंगाने, आणि त्याने ती सुरुवातीची प्रसिद्ध ऑर्गनची धूनच उडवली. जे ऐकताच लोक गाणं ओळखतात तेच काढून टाकलं! तरी गाणं उभं राहतं, म्हणजे चालीत दम होता हे तेव्हा कळतं. जे कव्हर सगळं तसंच्या तसं ठेवतं त्याच्यातून असं काही कळत नाही, म्हणून मला ती हुबेहूब कव्हरं कंटाळवाणी वाटतात, कितीही सफाईदार असली तरी.

आणि हा जो मधला झुलता भाग आहे ना, तो डोअर्सवाल्यांनी घेतला जॅझ सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या ‘माय फेवरिट थिंग्ज’ वरून, हे त्यांनीच सांगितलंय. म्हणजे रॉकची वाट इथून थेट जॅझमध्ये घुसते, आपणही घुसू.

‘माय फेवरिट थिंग्ज’ मूळचं ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या १९५९ च्या ब्रॉडवे नाटकातलं. आधी कुणीही साधं गायलेलं घ्या, सिनेमातलं चालेल, आणि आंघोळ करताना म्हणता येईल इतकं पाठ करा. मग कोल्ट्रेनचं लावा, १९६० चं रेकॉर्डिंग, तेरा मिनिटांच्या वर, आणि सोलो चालू झाला की मनातल्या मनात चाल म्हणत राहा. जॅझ ऐकायची ही एकच युक्ती मला माहीत आहे आणि ती पुरते. इथे मात्र चाल म्हणता म्हणता तुम्ही हरवाल, दोष तुमचा नाही, त्याने पूर्ण गाण्याच्या कॉर्ड्सवर सोलो घेतलेलाच नाही, मॅकॉय टायनर पियानोवर दोन कॉर्ड्स पाळण्यासारख्या हलवत बसतो आणि वर सोप्रानो सॅक्सोफोन मोकाट सुटतो. आणि कुत्रा चावला, मधमाशी चावली हा जो उदास भाग गाण्यात आहे, तो त्याने शेवटपर्यंत राखून ठेवलाय. वाट बघा त्याची. येतो तेव्हा अंगावर येतो.

‘ऑटम लीव्ज’वर मात्र ही युक्ती चालते. बत्तीस बारची, म्हणजे चार-चार मात्रांच्या बत्तीस घरांची चाल, नॅट किंग कोलचं गायलेलं ऐकून पाठ होते. मग कॅननबॉल ॲडर्लीचं १९५८ चं घ्या, जवळपास अकरा मिनिटं, आल्बम ॲडर्लीच्या नावावर पण चाल वाजवतो माइल्स डेव्हिस, ट्रम्पेटला म्यूट (आवाज दाबणारं झाकण) लावून, कमी बोलणाऱ्या माणसासारखा. मग ॲडर्लीचा सॅक्स येतो, हा भरभरून बोलणारा. दोघांच्या खाली तुमची चाल चालू ठेवा, बत्तीस संपले की परत एकपासून, आणि बघा कोण ओळ संपायच्या जागी थांबतो आणि कोण ती ओलांडून पुढे जातो. त्यानंतर पियानोवाल्या बिल इव्हान्सच्या ट्रिओचं (तिघांच्या संचाचं), डिसेंबर १९५९ चं. इथे बेसवर स्कॉट लफॅरो आहे आणि तो नेहमीसारखं खाली चार-चार पावलं टाकत चालत नाही, पियानोला मधेच अडवतो, प्रश्न विचारतो, पियानो उत्तर देतो, थोडा वेळ ताल धरायला कोणीच नाही असं वाटतं. हे मोबाईलच्या स्पीकरवर कळणार नाही, बेस ऐकूच येत नाही त्याच्यावर. हेडफोन.

एक सावधगिरी. कव्हर कशाचं कव्हर आहे हे विचारा. जेफ बकलीचं ‘हालेलुया’ (१९९४) ऐकून लोक ते थेट लेनर्ड कोहेनच्या १९८४ च्या रेकॉर्डशेजारी ठेवतात आणि म्हणतात बघा याने कसं बदललं, पण मधे १९९१ चं जॉन केलचं आहे. केलने कोहेनकडे शब्द मागितले, कोहेनने फॅक्सवर पानंच्या पानं कडवी पाठवली, त्यातून केलने निवडली, आणि बकली केलच्या वाटेने गेला. म्हणजे अर्ध्या गोष्टींचं श्रेय चुकीच्या माणसाला जात होतं. वंशावळ काढायची सवय लावा, वहीत बाण काढून.

सरावासाठी एकच गाणं सांगतो, ‘समरटाइम’. गर्श्विनच्या १९३५ च्या ऑपेरातली अंगाई आहे ही, एक आई बाळाला झोपवतेय. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँगचं (१९५७ चं रेकॉर्डिंग) ऐका, माइल्स डेव्हिस आणि गिल इव्हान्सचं १९५८ चं ऐका ज्यात शब्दच नाहीत, फक्त ट्रम्पेट आणि मागे परत परत येणारं एक छोटं उत्तर, आणि मग जॅनिस जॉप्लिनचं १९६८ चं. प्रत्येकाला एकच प्रश्न, बाळ झोपेल का? एलाकडे झोपेल. माइल्सकडे बाळ झोपलंय आणि आई जागी आहे असं मला वाटतं. जॅनिसकडे शेजारचंही उठेल, पण तिच्या त्या फाटक्या आवाजात ‘रडू नको’ ऐकताना कळतं की ही समजूत बाळाची नाही, स्वतःची चाललीय. वहीत प्रत्येकापुढे दोन ओळी, काय काढलं, काय घातलं, तिसरी ओळ नको, कारण तिसऱ्या ओळीत आपण मार्क द्यायला लागतो.

गेल्या दिवाळीला मी मावसभावाला डिलनचंच १९७४ चं लाइव्ह ऐकवलं, ‘द बँड’ नावाच्या ग्रुपबरोबरचं. हेंड्रिक्स १९७० मध्ये गेल्यावर डिलन हे गाणं त्याच्या पद्धतीने वाजवायला लागला, हे डिलनने स्वतःच सांगितलेलं आहे, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं, अडीच मिनिटांतला तो शांत माणूस कुठेच नाही. मला वाटलं होतं यावर जरा नीट चर्चा होईल. मावसभावाने चकली मोडली आणि म्हणाला, ‘घे, डिलनचं पण मत आलं.’