मसाल्याचा सीझन लागायच्या आधी: मेटा डिस्क्रिप्शनची तयारी

लालबागच्या मार्केटमध्ये मिरच्यांची पोती उतरायला लागली की आमच्या मसालेवाल्या ताईंना वेबसाइट आठवते. पण तेव्हा घाई करून काही होत नाही, कारण बदललेलं मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे गुगलच्या रिझल्टमध्ये पानाच्या नावाखाली दिसाव्यात म्हणून आपण लिहितो त्या एकदोन ओळी, गुगल कधी दोन दिवसांत उचलतं तर कधी काही आठवडे लावतं, म्हणून तुमचंही दुकान सीझनवर चालत असेल तर फेब्रुवारीतच बसा.

आधी सर्च कन्सोल उघडा, म्हणजे आपली वेबसाइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं टूल. त्यात 16 महिन्यांचा डेटा असतो, म्हणजे मागच्या वर्षीचा मार्च ते मे सापडतोच. ज्या पानांना इम्प्रेशन भरपूर आहेत, म्हणजे रिझल्टमध्ये ती दिसतायत, पण क्लिक पडत नाहीयेत ती वेगळी काढा आणि आधी तीच घ्या. लोकांनी नेमकं काय टाइप केलंय तेही लिहून ठेवा, मराठी शब्द इंग्रजी लिपीत मारणारे खूप असतात.

मग एक दिवस दुकानात गल्ल्याजवळ बसा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोनवर गिऱ्हाईक काय विचारतं ते वहीत उतरवा. ताईंना दर दुसऱ्या फोनला तेच विचारतात, मिरची कुठली, डंकावर कुटलाय का, पाव किलो मिळेल का, बोरिवलीला पाठवाल का. आणि त्यांच्या मालवणी मसाल्याच्या पानावर काय होतं, तर ‘उत्तम दर्जाचे अस्सल मसाले योग्य दरात’. हे कुठल्याही दुकानाला चालेल हो! आता तिथे आहे, ‘बेडगी आणि संकेश्वरी मिरचीचा, डंकावर कुटलेला मालवणी मसाला. पाव किलोपासून, मुंबईभर घरपोच. मच्छीला, चिकनला आणि काळ्या वाटाण्याच्या आमटीला.’ गिऱ्हाइकाचे चारही प्रश्न दुकानात पाय ठेवायच्या आधीच सुटले.

कीवर्ड कोंबू नका. डिस्क्रिप्शन रँकिंगसाठी वापरत नाही हे गुगलने 2009 मध्येच सांगितलंय. ते क्लिकसाठी लिहायचं. पण गिऱ्हाइकाचे शब्द त्यात हवेतच, कारण शोधलेला शब्द रिझल्टमध्ये बहुतेकदा ठळक दिसतो आणि नजर तिथेच जाते.

लांबीचं फार टेन्शन नको. डिसेंबर 2017 मध्ये गुगलने रिझल्टखालचा मजकूर वाढवला, मे 2018 पर्यंत परत आखूड केला, लोकांनी सगळी पानं दोनदा लिहिली. ठरलेली मर्यादा अशी नाहीच, स्क्रीनवर मावेल तेवढं दिसतं, म्हणून कामाचं पहिल्या वाक्यात टाका. आणि मराठीत लिहिताना लांबी बरोबर आहे असं सांगणाऱ्या एसइओ प्लगइनच्या हिरव्या दिव्यावर जाऊ नका, बहुतेक काउंटर ‘मि’ला दोन अक्षरं मोजतात, ‘क्ष’ला तीन, त्यामुळे स्वतःच्या मोबाइलवर सर्च करून किती दिसतंय ते बघा.

पब्लिश करायच्या आधी पानाचा सोर्स उघडून बघा. हेडमध्ये, म्हणजे कोडच्या वरच्या भागात, डिस्क्रिप्शन एकदाच हवं, कधी वेबसाइटची थीम एक टाकते आणि एसइओ प्लगइन दुसरं. कोड हाताने लिहीत असाल तर डबल अवतरण चिन्हं मजकुरात नकोत. मी एकदा ‘घरगुती’ हा शब्द तसा लिहिला आणि त्याच्यापुढचं सगळं गायब, आठवडाभर ते अर्धं वाक्य तसंच होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि एकच डिस्क्रिप्शन चाळीस पानांवर चिकटवू नका, त्यापेक्षा कमी महत्त्वाच्या पानांवर रिकामं सोडा, गुगल पानातलंच वाक्य उचलेल.

तुम्ही लिहिलेलं असूनही कधीकधी गुगल पानातलंच उचलतं, तेव्हा चिडू नका, पानावरचा मजकूर वाचा. घरपोचचं फक्त डिस्क्रिप्शनमध्ये असेल आणि पानावर कुठेच नसेल तर आधी तिथे लिहा.

शेवटी सर्च कन्सोलमधून महत्त्वाच्या पानांना इंडेक्सिंगची रिक्वेस्ट टाका, म्हणजे गुगलला पान पुन्हा वाचायला सांगा, आणि तारीख लिहून ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये क्लिक वाढले तर ते कशाने वाढले हे कळणार नाही. ताईंनी ती तारीख गल्ल्यामागच्या कालनिर्णयवर लिहिलीय, मिरचीच्या भावाच्या खाली.