थ्रेडमधून फॉर्म अपडेट करायचाय? मग डेलिगेट कुठला घ्यायचा ते बघू

विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटची विंडोज स्क्रीन बनवायची लायब्ररी) दुसऱ्या थ्रेडवरून, म्हणजे स्क्रीन सांभाळणारा यूआय थ्रेड सोडून समांतर चाललेल्या कामातून, लेबल नाहीतर प्रोग्रेस बारला हात लावला की 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' असं बोंबलतं, आणि गंमत म्हणजे डीबगर लावलेला असेल तेव्हाच हमखास, नुसती एक्सई चालवली की कधी गुपचूप चालून जातं तर कधी स्क्रीनची पार वाट लागते.

तर आधी, दाखवायचं काम कंट्रोलच्या इन्व्होक (काम होईपर्यंत थांबतं) किंवा बिगिनइन्व्होकमधून (रांगेत टाकून पुढे जातं) पाठवा. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये तिथे सरळ लॅम्डा (जागेवरच लिहिलेली बिननावाची मेथड) टाकला तर कंपायलर घेत नाही, कारण पॅरामीटरचा टाइप नुसता 'डेलिगेट' (चालवायची मेथड धरून ठेवणारा टाइप) आहे, म्हणजे सगळ्या डेलिगेटचा बेस क्लास, मग तुमचा लॅम्डा नेमका कुठल्या जातीचा हे त्याला कसं कळणार? म्हणून कास्ट करून, म्हणजे आधी टाइप लिहून, सांगायचं. (डॉटनेट 6 पासून अ‍ॅक्शन, म्हणजे काही परत न देणारा डेलिगेट, आणि फंक, म्हणजे उत्तर परत देणारा, थेट घेतात, कास्टची कटकट नाही.)

मग जात कुठली? द्यायचं-घ्यायचं काही नसेल तर मेथडइन्व्होकर हा तयार डेलिगेट. अ‍ॅक्शनपण चालतं, फक्त फ्रेमवर्क मेथडइन्व्होकर आणि इव्हेंटहँडलरला ओळखून थेट कॉल करतं, बाकीचे बहुतेक डायनॅमिकइन्व्होकने, म्हणजे टाइप चालताना तपासून, लांबून जातात. सेकंदाला दोनदा लेबल बदलणाऱ्याला हा फरक कळणारसुद्धा नाही, त्यावर वाद घालत बसू नका. डब्ल्यूपीएफमध्ये (डॉटनेटची दुसरी स्क्रीन लायब्ररी) डिस्पॅचरला, म्हणजे यूआय थ्रेडची कामाची रांग सांभाळणाऱ्याला, अ‍ॅक्शनच द्या. टेक्स्टबॉक्समधलं काही वाचून आणायचं असेल तर स्ट्रिंग परत देणारं फंक, आणि अर्थात इन्व्होक, कारण उत्तरासाठी थांबावंच लागतं.

व्हॅल्यू पाठवायची असेल तर पॅरामीटरवालं अ‍ॅक्शन घेण्यापेक्षा लॅम्डाच्या आतच व्हेरिएबल वापरा. मी एकदा फाइलनावांचा स्ट्रिंग अ‍ॅरे बिगिनइन्व्होकला दिला, त्याने तो सुटा करून एकेक नाव वेगळा पॅरामीटर धरला आणि 'पॅरामीटर काउंट मिसमॅच', अर्धा दिवस गेला. अ‍ॅरे ऑब्जेक्टमध्ये कास्ट केला की भागतं, पण लॅम्डात ही भानगडच नाही. एवढंच की फॉर लूपचा आय तसाच आत वापरू नका, बिगिनइन्व्होकचा नंबर लागेपर्यंत तो पुढे गेलेला असतो, आधी लोकल कॉपी काढा.

आणि फॉर्म बंद करताना यूआय थ्रेड जॉइन करून वर्करसाठी, म्हणजे त्या दुसऱ्या थ्रेडसाठी, थांबत असेल तर वर्करमध्ये इन्व्होक नको. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि तुम्ही टास्क मॅनेजर उघडता. तिथे बिगिनइन्व्होक.