साइट जड झाली? मोठा प्लॅन घेण्याआधी या चुका टाळा

आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या साइटवर महिन्याच्या वीस तारखेलाच ‘बँडविड्थ लिमिट एक्सीडेड’ची पाटी लागली. व्हॉट्सॲपवर लगेच ठरलं, वर्गणी काढू आणि मोठा प्लॅन घेऊ. मी म्हटलं, थांबा, आधी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघू.

बहुतेकांची पहिली चूक हीच, की बँडविड्थ संपली की लोड वाढला हे न बघताच उपाय करतात. बँडविड्थ म्हणजे सर्व्हरवरून किती डेटा बाहेर गेला, आणि लोड म्हणजे प्रोसेसर, मेमरी किती राबली. चार एमबीचा फोटो पाठवताना सर्व्हरला फारसे कष्ट पडत नाहीत, पण कोटा भराभर संपतो. उलट सर्चचं पान जेमतेम वीस केबीचं असतं, पण डेटाबेसला घाम फोडतं. फोटो जड असताना डेटाबेस साफ करत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सीपॅनेलमधून (होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरून) लॉग उतरवून घ्या. प्रत्येक ओळीत कोणी, कधी, काय मागितलं, उत्तराचा कोड काय आणि किती बाइट गेले हे असतं. एक्सेलमध्ये प्रत्येक पत्त्याच्या बाइट्सची बेरीज केली की चोर सापडतो.

आमचा चोर होता राजगडच्या ट्रेकचं पान. मोबाइलवरून काढलेले तीस फोटो, सरासरी चार एमबीचे. म्हणजे पान एकदा उघडलं की १२० एमबी गेले. दहा जीबीचा कोटा ८३-८४ वेळा पान उघडलं की संपला! वर्डप्रेसची (आमची साइट याच प्रणालीवर आहे) मीडिया लायब्ररी २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून मोठ्या फोटोंची २५६० पिक्सेलची प्रत आपणहून करते, पण आमच्या उत्साही मंडळींनी फोटो वर्डप्रेसला वळसा घालून थेट सर्व्हरवर, एफटीपीने चढवले होते. ‘पण पानावर तर ते छोटे दिसतात!’ दिसणारच. रुंदी ४०० पिक्सेल लिहिल्याने फोटो लहान दिसतो, फाइल मात्र अख्खीच उतरते. १२०० पिक्सेलपर्यंत लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केल्यावर बहुतेक फोटो दोनशे केबीच्या आत आले.

इथे मी स्वतः माती खाल्ली. नवे फोटो नव्या नावांनी चढवले, जुने उडवले. बँडविड्थ उतरली आणि दोन दिवसांत सर्व्हरचा लोड चढला. झालं असं, की जुन्या फोटोंचे पत्ते इतरांच्या पानांवर आणि सर्च इंजिनांकडे तसेच होते. वर्डप्रेसमध्ये फाइल सापडली नाही की ती मागणी वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीकडे जाते, डेटाबेस जागा होतो आणि मेनू-साइडबारसकट ‘पान सापडलं नाही’ असं सजवलेलं पान तयार होतं. एका हरवलेल्या फोटोसाठी एवढा लग्नाचा थाट. जुने पत्ते ३०१ ने (‘पत्ता कायमचा बदलला’ सांगणारा कोड) नव्यांकडे वळवले, आणि नसलेल्या चित्रांना वर्डप्रेसपर्यंत पोचूच न देता साधं ४०४ (‘सापडलं नाही’) द्यायचा नियम एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये घातला, तेव्हा श्वास मोकळा झाला.

कॅशच्या, म्हणजे ब्राउझरने फाइल स्वतःकडे साठवून ठेवायच्या, बाबतीत लोक दोन टोकांना असतात. काही जण मुदत देतच नाहीत, मग ब्राउझर पुन्हा पुन्हा विचारायला येऊ शकतो. ३०४ (‘बदल नाही’) उत्तरात फाइल जात नाही हे खरं, पण हेलपाटा होतोच. काही जण सगळ्याला वर्षभराची मुदत देतात आणि मग लोगो बदलला तरी लोकांना जुनाच दिसतो. मुदत मोठी ठेवा, पण फाइल बदलली की नावात आवृत्ती बदला. आणि क्लाउडफ्लेअर (साइटच्या फाइली स्वतःकडे साठवून वाटणारी सेवा) लावलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते मूळ सेटिंगमध्ये चित्रं, स्टाइलशीट वगैरे साठवतं, एचटीएमएल पानं नाही.

मराठी साइटवाल्यांसाठी एक खास गोष्ट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘क्षि’ एकटाच बारा बाइटचा. त्यामुळे जीझिप किंवा ब्रॉटली (पाठवण्याआधी मजकूर आवळायची सोय) बंद असणं आपल्याला इंग्रजी साइटपेक्षा महाग पडतं. (जेपेगवर मात्र ते लावू नका, ती आधीच आवळलेली असते.) फॉन्ट हलका करायला अक्षरं गाळत असाल तर ठेवायच्या अक्षरांची यादी हिंदीवरून उचलू नका. ‘ऱ’ राहिला की ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द भलत्याच फॉन्टमध्ये फुटलेले दिसतात.

राहिले बॉट, म्हणजे आपोआप पानं उतरवत फिरणारे प्रोग्राम. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की जानेवारी २०२४ पासून त्यांच्याकडच्या मल्टिमीडिया डाउनलोडची बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली, तीही मुख्यतः बॉटमुळे. रोबॉट्स डॉट टीएक्सटी या बॉटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये मनाई लिहिली की काम झालं असं समजू नका. ती विनंती आहे, कुलूप नव्हे. न ऐकणाऱ्यांना सर्व्हरवर किंवा फायरवॉलमध्येच अडवावं लागतं.

पण दर वेळी बॉटच दोषी असतो असं नाही. आमच्या ट्रेक कॅलेंडरवर ‘पुढचा महिना’ हे बटण कुठेच थांबत नव्हतं. लॉगमध्ये एक बॉट महिना-महिना पुढे सरकत ऑगस्ट २०६८ मधले ट्रेक मागत होता, आणि सर्व्हर बिचारा प्रत्येक रिकामा महिना डेटाबेसमधून काढून देत होता. बारा महिन्यांपुढचं बटण काढून टाकलं. प्लॅन अजून तोच आहे.