संशोधक डॉक्टरांची प्रकाशनसूची कशी वाचावी?

'दोनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय शोधनिबंध, एच-इंडेक्स तीस.' डॉक्टरांच्या परिचयात असं वाक्य आलं की आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. पण पीएच.डी.साठी गाइड शोधणाऱ्या विद्यार्थ्याला, एखाद्या प्रकल्पाला देणगी देऊ पाहणाऱ्या संस्थेला किंवा बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराला तेवढ्यावर थांबून चालत नाही. या आकड्यांमागे काय आहे ते कुणालाही तपासता येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत. एक वही आणि निवांत दुपार पुरते. उदाहरणासाठी इथे गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचं काम घेतलं आहे.

१. आधी माणूस नक्की करा

पबमेड हे संकेतस्थळ उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने चालवलेली ही वैद्यकीय लेखांची सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. तिथे आधी आडनाव आणि मग आद्याक्षरं, मध्ये टिंब न देता, असं नाव रोमन लिपीत शोधायचं. 'बंग ए' एवढंच टाकलं तर कोरियातल्या संशोधकांचे पेपरही समोर येतील, कारण रोमन लिपीत अगदी असंच दिसणारं आडनाव तिकडेही आहे. 'बंग ए टी' टाकून जोडीला गडचिरोली लिहिलं की यादी बरीच आटोक्यात येते. पाटील, जोशी, शाह, कुमार यांच्या बाबतीत तर ही काळजी घ्यायलाच हवी.

पत्त्यावरून गाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: २०१४ च्या आधीच्या बहुतेक नोंदींत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता असतो. त्यामुळे संस्थेच्या नावाने शोधल्यास जुने पेपर निसटतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रियांचं आधीचं कामही असंच हरवतं, म्हणून दोन्ही नावांनी शोधा. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळू लागला आहे. तो असेल तर काम सोपं होतं, पण तिथली यादी बहुधा संशोधक स्वतःच भरतात, तेव्हा ती पबमेडशी ताडून पाहा.

२. पेपरांचे प्रकार वेगळे करा

संपादकाला लिहिलेलं पत्र, एका रुग्णाची हकिगत, इतरांच्या कामाचा आढावा घेणारा रिव्ह्यू आणि चार वर्षं गावोगाव फिरून केलेली चाचणी, हे चारही यादीत एकेक ओळ म्हणूनच दिसतात. पबमेडवर डाव्या बाजूला लेखप्रकाराची गाळणी आहे, ती वापरा आणि मूळ संशोधन किती आहे ते वहीत टिपा. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी पेपर लागतात, त्यामुळे घाईघाईने छापलेले छोटे लेख पुष्कळ सापडतील. त्यावरून लगेच माणसाला नावं ठेवू नका, पण त्यांची गणती वेगळी ठेवा.

३. लेखकांचा क्रम पाहा

जैववैद्यकात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम केलेल्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या किंवा प्रकल्पाच्या प्रमुखाचं. मधल्या नावांचा वाटा कमी-जास्त असतो. बंग दांपत्याचा १९८९ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा आहे. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के. तिथे पहिलं नाव राणी बंग यांचं आहे. नवजात बाळांवरच्या १९९९ च्या पेपरात पहिलं नाव अभय बंग यांचं आहे. जोडीने केलेल्या कामात पुढाकार कुणाचा होता हे या क्रमावरून कळतं.

शेकडो लेखकांचे पेपरही असतात. जगभरातल्या रोगभाराचा अंदाज बांधणारे अभ्यास तसे आहेत. त्यांना हजारो सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी केलेले उल्लेख, मिळतात आणि त्या यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यात ते सगळे जमा होतात. असे पेपर बाजूला काढून उरलेलं काम वेगळं बघा.

४. आकडे घ्या, पण एकाच ठिकाणचे

गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, परिषदांमधलं साहित्य असं सगळं मोजतं, म्हणून त्याचा आकडा सहसा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा मोठा येतो. एका संशोधकाचा स्कॉलरवरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा आकडा घेऊन तुलना केली तर ती चुकीचीच होणार.

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. जितक्या पेपरांना निदान तितकीच सायटेशन मिळाली आहेत, तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा, सहा पेपरांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि १ सायटेशन आहेत. निदान चार सायटेशन असलेले किमान चार पेपर आहेत. निदान पाच असलेले पाच मात्र नाहीत. म्हणून एच-इंडेक्स चार. आता पहिल्या पेपरची ४० सायटेशन ४,००० झाली, तरी उत्तर चारच राहतं. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे साठीतल्या प्राध्यापकांची आणि पस्तिशीतल्या संशोधिकेची त्यावरून तुलना करणं अन्यायाचं आहे.

इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हे. त्या नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. संशोधकाचं मोल त्यावरून ठरवू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे.

विषयाविषयांतला फरक लक्षात घेऊन पाहायचं असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आयसाइट हे मोफत साधन वापरा. पबमेडचे क्रमांक त्यात टाकले की प्रत्येक पेपरची त्याच्याच क्षेत्रातल्या पेपरांशी तुलना एका आकड्यात मिळते. १ म्हणजे त्या संस्थेच्या निधीतून झालेल्या पेपरांमधला मधला दर्जा. किती वैद्यकीय चाचण्यांनी आणि मार्गदर्शिकांनी तो पेपर वापरला हेही तिथे दिसतं, आणि मला हा रकाना सर्वांत उपयोगी वाटतो.

५. सायटेशन कुणी आणि का केलं, ते वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन-चार महत्त्वाचे पेपर निवडा, त्यांचा उल्लेख करणारे दहा-बारा पेपर उघडा आणि उल्लेखाचं नेमकं वाक्य शोधा.

प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणारा ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला, कारण ती पद्धत रोज लागायची. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा पेपर १९९८ मध्ये आला आणि २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. त्यालाही भरपूर सायटेशन आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी तो खोडून काढणारी आहेत. उलट, कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचं विष १९५९ मध्ये दाखवून दिलं, पण त्या कामाची दखल उशिरा घेतली गेली. १९८५ मध्ये ते वारले. सायटेशन मोजण्याचं शास्त्र उभं करणाऱ्या युजीन गारफिल्ड यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या कामावर स्वतंत्र लेख लिहिला.

बंग यांच्या १९९९ च्या पेपरात ३९ गावांतल्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली आणि इतर ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. अशा पेपरचा माग नियतकालिकांच्या बाहेरही काढावा लागतो: जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचं घरभेटींबाबतचं २००९ चं संयुक्त निवेदन, भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत आणलेली घरगुती नवजात काळजी. यातलं काहीच एच-इंडेक्समध्ये येत नाही.

सायटेशन करणाऱ्यांत संशोधक स्वतः आणि त्यांचेच सहकारी किती, तेही मोजा. आपल्या जुन्या कामाचा दाखला देणं स्वाभाविक आहे, पण बहुतेक उल्लेख घरचेच असतील तर तशी नोंद करा.

६. मागे घेतलेले पेपर तपासा

पबमेडवर असा पेपर उघडला की वरच ठळक सूचना दिसते. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा संग्रहही २०२३ पासून सर्वांना खुला आहे. मागे घेण्याचं कारण मात्र वाचाच. प्रामाणिक चूक लक्षात आल्यावर स्वतः पेपर मागे घेणारे लोकही असतात, आणि त्यांना लबाडांच्या रांगेत बसवणं चूक आहे.

७. शेवटी त्यांनाच विचारा

वहीत आता मूळ संशोधनाचे पेपर, त्यांतलं नावाचं स्थान आणि कुणी काय उल्लेख केला याच्या नोंदी असतील. त्या समोर ठेवून एक छोटी ईमेल लिहा: 'आपल्या कामातले कोणते तीन पेपर आपल्याला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांत आपण स्वतः काय केलंत?' उत्तर आलं की तुम्ही निवडलेले पेपर आणि त्यांनी सांगितलेले पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहा. जिथे फरक दिसेल, तिथून प्रत्यक्ष भेटीतली चर्चा सुरू करता येईल.