चौरस तिरका धरला तरी चौरसच: लहान मुलांना आकार कसे शिकवावेत

बहुतेक घरांत आकारांची सुरुवात तक्त्यापासून होते. वर्तुळ, चौरस, आयत, त्रिकोण. तीन-चार वर्षांचं मूल थोड्याच दिवसांत चारही नावं घडाघडा म्हणतं आणि आजी-आजोबा खूश होतात. गोची पुढे असते. त्याच मुलासमोर एक लांबट, निमुळता, टोक खाली केलेला त्रिकोण ठेवा. बरीच मुलं मान हलवून 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी त्रिकोण म्हणजे तक्त्यावरचं ते एकच चित्र: खाली सपाट बूड, वर मधोमध टोक. म्हणून नावं कमी आणि नमुने जास्त, असं धोरण ठेवा. सामान घरातच आहे, आणि बडोद्यात राहत असाल तर जानेवारीत, उत्तरायणाच्या म्हणजे संक्रांतीच्या पतंगांमुळे, ते गच्चीवरही असतं.

१. आधी बोट फिरू द्या

चेंडू दाखवून 'हे वर्तुळ' म्हणू नका. चेंडू हा गोळा, लाडूही गोळाच. वाटी कागदावर उपडी ठेवा, पेन्सिलीने कड गिरवा, वाटी उचला. कागदावर उरतं ते वर्तुळ. काडेपेटी आडवी, उभी आणि कडेवर ठेवून गिरवली तर एकाच पेटीतून तीन निरनिराळे आयत निघतात, याची मुलांना भारी गंमत वाटते.

मग त्या रेषेवरून मुलाचं बोट फिरवा आणि विचारा, 'बोट कुठे वळलं?' वळलं तो कोपरा. वर्तुळावर बोट कुठेच अडत नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं आणि माँटेसरी पद्धत गुजरातेत रुजवली. त्या पद्धतीतही मुलं लाकडी आकारांच्या कडेवरून बोटं फिरवतात. घरी वेगळी साधनं आणायची गरज नाही, वाटी पुरते.

२. शंकरपाळे करायला बसवा

माझ्या मते आकार शिकवायला पोळपाटासारखी जागा नाही. जाडसर पोळी लाटा आणि कातण्याने एका दिशेला समान अंतरावर सरळ रेघा मारा. नुसत्या लांब पट्ट्या दिसतील. आता दुसऱ्या दिशेच्या रेघा तेवढ्याच अंतरावर, पण आधीच्या रेघांना काटकोनात मारल्या तर चौरस पडतात. त्याच रेघा तिरक्या मारल्या की शंकरपाळे. म्हणजे चारही बाजू सारख्या असून कोपरे मात्र बदलले: दोन टोकदार, दोन पसरट. अर्धी पोळी अशी आणि अर्धी तशी कापून एकेक तुकडा मुलाच्या तळहातावर ठेवा.

खरी शाळा पोळीच्या कडेला भरते. तिथे वेडेवाकडे तुकडे उरतात, काहींची एक बाजू गोलसर असते. ते मुलाला वेगळे काढू द्या: सगळ्या बाजू सरळ असलेले एका ताटलीत, एखादी बाजू वाकडी असलेले दुसऱ्या. तळण मात्र तुमच्याकडेच ठेवा.

३. 'हा का नाही?' विचारा

घडीची पोळी चार पदरी दुमडली की तीन कोपरे दिसतात. 'त्रिकोण!' मूल म्हणणारच. लगेच खोडून काढू नका. बोट फिरवायला सांगा. दोन बाजू सरळ जातात, तिसरी वाकते. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सरळ हव्यात, म्हणून हा नाही. बरोबर उदाहरणांइतकीच अशी फसवी उदाहरणं लागतात, आणि तक्त्यावर नेमकी तीच नसतात.

४. काड्या आणि कणीक

खराट्याचे हीर धुऊन, टोकं बोथट करून तोडा. तुकडे लांब-आखूड असू द्या. सांध्याला कणकेच्या गोळ्या. तीन काड्यांचा त्रिकोण करून बाजूने दाबला तर आकार हलत नाही. चार सारख्या काड्यांचा चौरस दाबला की कलंडतो आणि त्याचा शंकरपाळा होतो. नंतर एक खूप लांब आणि दोन अगदी आखूड काड्या देऊन बघा. त्रिकोण बंदच होत नाही, कारण दोन आखूड काड्या मिळूनही लांब काडीएवढ्या भरत नाहीत. यावर व्याख्यान देऊ नका. पाच वर्षांच्या मुलाला ते हाताने कळलं तरी पुष्कळ झालं.

५. उत्तरायणाचा फायदा घ्या

दुकानातला पतंग काटेकोर चौरस असेलच असं नाही, म्हणून आकार शिकायला घरीच कागद कापा. वर्तमानपत्राचं एक पान घ्या. वरचा कोपरा तिरका दुमडून वरची कड बाजूच्या कडेवर तंतोतंत बसवा आणि खाली उरलेली पट्टी कापून टाका. दुमडलेला असताना त्रिकोण, उघडला की चौरस.

हा कागद जमिनीवर नीट ठेवून विचारा, 'काय आहे?' 'चौरस.' आता मुलाच्या डोळ्यांसमोर तो फिरवा आणि किन्ना (मांजा जोडायचा दोरा) बांधायला पतंग धरतो तसा टोकावर उभा करा. 'आता डायमंड झाला!' हे उत्तर ठरलेलं. यात मुलाचं काही चुकत नाही. पिएर व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये भूमिती समजण्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यातल्या पहिल्या पायरीवर आकार ओळखला जातो तो एकंदर दिसण्यावरून, बाजू आणि कोपरे तपासून नव्हे. तुम्ही फक्त कागद पुन्हा आडवा करा, पुन्हा उभा करा आणि विचारा, 'कात्री लावली का? कोपरा कमी झाला का?' एका दिवसात पटणार नाही. चौदा जानेवारीला गच्चीवर पुन्हा विचारा.

पतंग नसतील त्या दिवसांत रांगोळीचे ठिपके आहेत. तीन ओळींत तीन-तीन ठिपके काढा आणि कोपऱ्यांतले चार सोडून, चारही बाजूंच्या मधले ठिपके जोडा. टोकावर उभा असलेला चौरस तयार. त्याच ठिपक्यांवर मुलाला हवे तेवढे त्रिकोण काढू द्या. एका रेषेतल्या तीन ठिपक्यांचा त्रिकोण का होत नाही, हे त्याला आपसूक दिसेल.

६. बाहेर पडल्यावर

बडोद्यातल्या मांडवीच्या कमानी, कमाटीबागेतलं फुलांचं घड्याळ हे सगळं आहेच, पण स्कूटरवर पुढे उभं राहिलेल्या मुलासाठी रस्त्यावरच्या पाट्या बऱ्या. धोक्याची सूचना त्रिकोणात, वेगमर्यादा वर्तुळात, 'थांबा'ची पाटी आठ बाजूंची. 'रस्ता द्या' ही पाटी दिसली तर दाखवायला विसरू नका: टोक खाली केलेला त्रिकोण, ज्याला तक्त्यावर जागा मिळत नाही.

नावं आणि चित्रं

शाळेत रेक्टँगल, शेजारच्या गुजराती बेनकडे लंबचोरस, घरी आयत. चालू द्या, मुलं तिन्ही सांभाळतात. चौरसाला मुलाने आयत म्हटलं तर 'चूक' म्हणू नका. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात, तेव्हा तो आयतही असतोच. 'हो, आणि याच्या चारही बाजू सारख्या आहेत' एवढंच पुढे जोडा.

आकार ओळखता आला की काढताही येतो, असं मात्र नाही. बघून वर्तुळ काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, चौरस चार-साडेचारला, त्रिकोण पाचच्या आसपास. शंकरपाळ्याचा आकार बऱ्याच मुलांना सहा-सात वर्षांपर्यंत नीट जमत नाही. तोवर पाटी-पेन्सिल रेटण्यापेक्षा कागद, काड्या आणि कणीक पुढ्यात ठेवा, आणि मूल कंटाळलं की दहा मिनिटांतही आवरतं घ्या.