दबावाखाली झालेला दस्त: दाव्यात या चुका टाळा

"वृद्धावर दबाव आणून सही घेतली" एवढ्या एका वाक्यावर वादपत्र (दाव्याचा मूळ अर्ज) उभे करणे, ही अनुचित प्रभावाच्या, म्हणजे वरचढ स्थितीचा गैरवापर करून संमती मिळवल्याच्या, दाव्यातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 4 नुसार हा आरोप तपशील आणि तारखांसह मांडावा लागतो. समजा, परभणीकडच्या एका गावातील आजी खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्या आहेत, औषधपाणी पुतण्या पाहतो आणि एके दिवशी तोच त्यांना जीपमधून दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन दोन एकरांच्या खरेदीखतावर अंगठा घेतो. अशा वेळी डिस्चार्ज कार्डावरील तारीख, दस्त कोणी वाचून दाखवला, लेकीला कळवले होते का आणि दस्तात लिहिलेली रक्कम आजींच्या खात्यात खरोखर जमा झाली का, हे सारे वादपत्रातच आले पाहिजे. साक्षीच्या वेळी सांगू म्हणून ते मागे ठेवू नये.

बाजू भक्कम व्हावी म्हणून न घडलेली मारहाणीची धमकी जोडणे हीसुद्धा घातक चूक आहे. धमकी हा भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 15 मधील जबरदस्तीचा विषय आहे. अनुचित प्रभावाच्या कलम 16 ला धमकी लागतच नाही. खोटी धमकी उलटतपासणीत कोसळली की आजींच्या परावलंबनाची खरी हकिकतही संशयात सापडते, आणि याचेच मला अधिक वाईट वाटते.

केवळ नाते दाखवूनही भागत नाही. आजोबांनी नातवाला दिलेल्या बक्षिसाच्या सुभाषचंद्र दास मुशीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये स्पष्ट केले की, जवळच्या नात्यावरून प्रभावाचे अनुमान निघत नाही. समोरची व्यक्ती इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत होती हे आधी दाखवावे लागते. त्यानंतर व्यवहार सकृद्दर्शनी अन्याय्य दिसला, तरच प्रभाव वापरला नसल्याचे सिद्ध करण्याचा भार कलम 16(3) नुसार तिच्यावर जातो.

पैशाची नड म्हणजेच अनुचित प्रभाव, असाही समज आपल्याकडे आहे. बाजारात पैशाची टंचाई असताना बँकेने चढ्या व्याजाने कर्ज दिले, तर तेवढ्याने अनुचित प्रभाव ठरत नाही, असे कलम 16 खालील उदाहरणच सांगते. आधीच ऋणात असलेल्या माणसाला गावच्या सावकाराने जाचक अटींवर नवे कर्ज दिले, तर मात्र खुलासा सावकाराने करायचा असतो. तरीही घेतलेली मुद्दल बुडवता येत नाही: शेतकऱ्याला 100 रुपये देऊन अनुचित प्रभावाने 200 रुपयांचा रोखा लिहून घेतल्यास न्यायालय 100 रुपये वाजवी व्याजासह परत करायला लावून रोखा रद्द करू शकते, असे कलम 19क चे उदाहरण आहे.

असा दस्त आपोआप शून्य होत नाही. तो रद्द करून घ्यावा लागतो. दबाव संपल्यानंतर उरलेली रक्कम स्वीकारली, तर दस्ताला संमती दिल्यासारखे होते. फेरफारावर तलाठ्याकडे हरकत जरूर घ्यावी, पण दस्त रद्द करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे आणि तिथे जाण्याची तीन वर्षांची मुदत, रद्द करण्याचा हक्क देणारी वस्तुस्थिती प्रथम कळल्यापासून मोजली जाते.